ब्रिटनमधील पहिला हिवाळा: मनाची मरगळ, सकाळचा प्रकाश आणि ड जीवनसत्त्व

महाराष्ट्रातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनला गेलेल्या काहींना नोव्हेंबर लागला की विनाकारण मरगळ येते. सकाळी उठवत नाही, झोप वाढते, गोड आणि पिष्टमय खाण्याची ओढ लागते, कोणात मिसळावेसे वाटत नाही. याला आळस म्हणून स्वतःला दोष देऊ नये. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत दिवस जवळपास ११ तासांचा असतो, लंडनमध्ये तो ८ तासही भरत नाही आणि एडिंबरामध्ये ७ तासांवर येतो. ऋतूनुसार येणाऱ्या या नैराश्याचे वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले.

उपाय करताना ड जीवनसत्त्व आणि प्रकाश यांची गल्लत होऊ देऊ नये. ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होते, तर मनावर परिणाम करणारा प्रकाश डोळ्यांवाटे मेंदूतील जैविक घड्याळापर्यंत पोहोचतो. त्यामुळे गोळी हाडांसाठी आणि स्नायूंसाठी घ्यावी. तिने मरगळ जाते याला भक्कम पुरावा नाही.

कोवळे ऊन अंगावर घेण्याची आपली सवय तिथे हिवाळ्यात ड जीवनसत्त्वासाठी उपयोगी पडत नाही, कारण ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत त्या उन्हात आवश्यक ते अतिनील किरण पुरेसे नसतात. म्हणूनच तेथील आरोग्य सेवा या काळात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घेण्याचा विचार करायला सांगते, आणि सावळ्या वर्णाच्या दक्षिण आशियाई लोकांनी ते वर्षभर घ्यावे असे सुचवते. भारतातून नेलेली ६०,००० युनिटची पाकिटे डॉक्टरांनी आखून दिल्याशिवाय घेऊ नयेत. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. शाकाहारी वाचकांनी वेष्टन वाचावे: बहुतेक डी-३ (गोळ्यांतील ड जीवनसत्त्वाचा प्रकार) मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते, पण दगडफुलाच्या जातकुळीतील शैवाकांपासून (लायकेन) बनवलेलेही मिळते.

मनासाठी सकाळ महत्त्वाची. उजाडल्यावर अर्धा तास चालायला बाहेर पडावे, आभाळ भरलेले असले तरीही; खोलीत दिवे लावून जेमतेम १०० ते ५०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड मिळतो, बाहेर ढगाळ हवेतही तो हजाराच्या वर जातो. उजाडण्याआधीच कामाला निघावे लागत असेल, तर प्रकाशोपचाराचा दिवा उपयोगी पडतो. वेष्टनावर १०,००० लक्स लिहिलेले असते, पण ते किती अंतरावर, हे पाहिल्याशिवाय दिवा घेऊ नये, कारण दूर ठेवताच प्रकाश झपाट्याने घटतो. अतिनील किरण गाळणारा दिवा निवडून तो न्याहारीच्या टेबलावर किंचित बाजूला ठेवावा आणि उठल्यानंतर तासाभरात, चहा घेताना, सुमारे ३० मिनिटे त्याच्यासमोर बसावे. दिव्याकडे टक लावून पाहायचे नाही. संध्याकाळी तो वापरल्यास झोप उडते.

डोळ्यांचा विकार असणाऱ्यांनी, प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि विशेषतः द्विध्रुवी (बायपोलर) विकार असणाऱ्यांनी दिवा वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण अशा विकारात प्रकाशाने उन्माद उसळू शकतो.

मरगळ दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा काम आणि अभ्यास ठप्प झाला, तर जीपींची, म्हणजे तिथल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची, वेळ घ्यावी. बोलण्याचे उपचार आणि औषधे दोन्ही उपलब्ध आहेत. जगणे नकोसे वाटू लागल्यास मदत मागायला थांबू नये. ११६ १२३ हा समॅरिटन्स या मानसिक आधार देणाऱ्या संस्थेचा मोफत क्रमांक ब्रिटनमध्ये दिवसरात्र चालू असतो.