पवनचक्कीला जुनंच नेटवर्किंग लावलं तर पेटंट द्यावं का? घरबसल्या तपासायची पद्धत

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर मी काही वर्षं पवनचक्क्यांचं नेटवर्क सांभाळलंय. तिथे फायबर रिंगमध्ये टाकलेली होती, म्हणजे सबस्टेशनपासून निघायची, एकेका टॉवरच्या बुडाशी असलेल्या नेटवर्क स्विचमधून फिरायची आणि परत सबस्टेशनला यायची. एकदा रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडली, आणि आम्ही धावत कंट्रोल रूममध्ये आलो तर स्काडाच्या, म्हणजे सगळे टॉवर एका जागेवरून बघायच्या सिस्टिमच्या, स्क्रीनवर एकही टॉवर लाल नाही, डेटा उलट्या बाजूने फिरून येतोय! सोबतचा टेक्निशियन म्हणाला, "साहेब, भारीच की, याचं पेटंट घ्या." म्हटलं अरे बाबा, एक रस्ता बंद ठेवायचा आणि गरज पडली की उघडायचा हा खेळ नेटवर्क इंजिनियर रॅडिया पर्लमन बाईंनी १९८५ सालीच बसवलाय, आपण फक्त स्विच लावलेत.

पण तो चेष्टेत बोलला ते लोक खरंच करतात. नेटवर्कवाल्यांच्या रोजच्या वापरातली गोष्ट घ्यायची, पुढे 'पवन ऊर्जा प्रकल्पातील' असं जोडायचं आणि अर्ज टाकायचा. असं एखादं पेटंट समोर आलं तर लगेच शिव्या घालू नका, आधी पुढचं करून बघा.

सगळ्यात आधी शीर्षक आणि सारांश सोडून द्या. शीर्षक नेहमीच भव्य असतं, त्याला कायद्यात फार किंमत नाही. गूगल पेटंट्सवर किंवा युरोपियन पेटंट ऑफिसच्या एस्पेसनेटवर उघडा, भारतातला अर्ज असेल तर पेटंट ऑफिसच्या इनपास सर्चवर, आणि थेट क्लेम, म्हणजे अर्जदार नेमका कशावर हक्क सांगतोय ती वाक्यं, गाठा. मालकी तेवढ्याचीच असते. त्यातही 'क्लेम १ मध्ये सांगितल्याप्रमाणे' असं न म्हणणारे जे स्वतंत्र क्लेम असतात ते आधी वाचा. (शोधायचं असेल तर पवनचक्क्यांच्या समूहाच्या कंट्रोलचा वर्गीकरण कोड एफ०३डी ७/०४८ आणि खास कामाच्या नेटवर्कचा एच०४एल ६७/१२, दोन्ही एकत्र टाकले की बराच कचरा गळतो.)

मग क्लेमचे तुकडे करा, कागदावर, पेनाने. समजा क्लेम असा आहे, हा मी बनवलेला आहे: अनेक पवनचक्क्या, प्रत्येकीत कंट्रोलर, प्रत्येक कंट्रोलरला आयपी अॅड्रेस, सगळे स्विचने जोडलेले, कंट्रोलच्या डेटाला मॉनिटरिंगच्या डेटाआधी वाट, आणि एक लिंक तुटली तर दुसरीने डेटा जाणार. आता 'पवनचक्की' खोडा आणि तिथे 'बाटल्या भरायचं मशीन' लिहा. वाक्य तसंच चालतंय? काम तेच होतंय? मग वाऱ्याचा त्या नेटवर्कशी संबंध काय, हा प्रश्न अर्जदाराला विचारायलाच पाहिजे. माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो, बाकीचं फक्त सिद्ध करायचं काम.

सिद्ध करायला तारीख लागते. पेटंटवर तीन-चार तारखा असतात, तुम्हाला हवी ती प्रायॉरिटी डेट, म्हणजे हा शोध पहिल्यांदा अर्जात टाकला ती तारीख. त्याच्या आधी जगाला काय माहीत होतं तेवढंच मोजायचं, आजचं ज्ञान नाही. वरच्या तुकड्यांपुढे साल लिहा: आयपीचा आरएफसी (इंटरनेटचे नियम लिहिलेला कागद) ७९१ सप्टेंबर १९८१ चा, डेटाला प्राधान्य देणाऱ्या डिफसर्व्हचा आरएफसी २४७४ डिसेंबर १९९८ चा, व्हीलॅनचं (एकाच नेटवर्कचे आभासी वेगळे भाग पाडायचं) स्टँडर्ड ८०२.१क्यू पण १९९८ चंच. आणि आयईसी ६१४००-२५ विसरू नका, ते खास पवनचक्क्यांच्या कम्युनिकेशनचंच स्टँडर्ड आहे, त्याचे पहिले भाग २००६ चे. त्यानंतरचा कोणी म्हणत असेल की पवनचक्क्यांना क्लायंट-सर्व्हर पद्धत (एकाने डेटा मागायचा, दुसऱ्याने द्यायचा) मी पहिल्यांदा आणली, तर त्याला ते स्टँडर्ड वाचायला द्या.

इथे बरेच जण चुकतात. नावीन्य नाही म्हणायचं असेल तर सगळे तुकडे एकाच जुन्या कागदात सापडायला हवेत. दोन-तीन कागद जोडून सांगायचं असेल तर तो मुद्दा वेगळा, तो म्हणजे 'हे त्या क्षेत्रातल्या माणसाला सहज सुचलं असतं', आणि मग ते कागद कोणी का जोडले असते याचं कारण तुम्हालाच द्यावं लागतं. 'सोपंच तर आहे' हे कारण नाही, उत्तर वाचल्यावर सगळंच सोपं वाटतं.

अमेरिकेत यावर २००७ चा केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्सचा निकाल आहे, गाडीच्या अॅडजस्टेबल पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडला होता. कोर्टाचं म्हणणं साधारण असं, की ओळखीचे भाग ओळखीच्या पद्धतीने जोडले आणि परिणाम अपेक्षित तोच आला, तर ते बहुतेक सहज सुचणारंच. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी, १९७८ साली, सुप्रीम कोर्टाने भांडी लेथवर धरायच्या पद्धतीचं पेटंट रद्द केलं, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम प्रकरणात. वर्कशॉपमधल्या किरकोळ सुधारणेपेक्षा काहीतरी जास्त हवं, एवढं स्पष्ट. शिवाय १९७० च्या कायद्याचं कलम ३(एफ) आहे, ओळखीची उपकरणं आपापलं जुनंच काम करत नुसती शेजारी मांडली तर तो शोध नाही, आणि नुसत्या प्रोग्रॅमसाठी ३(के). कलम २(१)(जेए) पूर्ण वाचा, लोक 'आर्थिक महत्त्व' एवढंच वाचून थांबतात, पण 'सहज सुचणारं नसावं' ही अट तिथे 'आणि' लावून आहे, फायदा कितीही होवो.

आता दुसरी बाजू, कारण सरसकट 'जुनं ते जुनं' म्हणणं पण खोटं आहे. वारा सेकंदाला ८ मीटरने येतोय आणि दोन पवनचक्क्यांत ५०० मीटर अंतर आहे, तर पुढचीला लागलेला झोत मागचीला साधारण एका मिनिटाने लागेल. समजा कोणी असं नेटवर्क केलं की वाऱ्याची दिशा बघून पुढच्या रांगेच्या डेटाला आपोआप आधी वाट मिळते, दिशा फिरली की प्राधान्य पण फिरतं, आणि मागचीची पाती झोत यायच्या आत वळतात. इथे 'बाटल्या भरायचं मशीन' लिहून बघा, वाक्य कोसळतं. प्राधान्य देणं जुनंच आहे, पण ते कशावरून ठरवायचं हे वाऱ्याने सांगितलं. पेटंट मिळेलच असं नाही, कोणी आधी लिहून ठेवलं असेल तर गेलं, पण हा अर्ज नीट वाचण्याच्या लायकीचा आहे आणि माझं मत इथे अर्जदाराच्या बाजूने झुकेल.

तपासून झालं आणि पेटंट फालतूच वाटलं तर तुकड्यांपुढे सालं लिहून झालेला तो तक्ता फुकट घालवू नका. भारतात अर्ज प्रकाशित झाल्यावर आणि पेटंट मिळायच्या आधी कलम २५(१) खाली कोणीही विरोध दाखल करू शकतं, कंपनीच असायला हवी असं नाही, फक्त २०२४ च्या नियमबदलापासून फी लागते आणि दम आहे का हे आधी बघितलं जातं. मिळून गेलं असेल तर ते प्रकाशित झाल्यापासून एक वर्ष, पण मग तुमचा त्यात काहीतरी संबंध दाखवावा लागतो. युरोपात मिळाल्यापासून नऊ महिने. आणि वकिलाशी बोलताना हे नक्की विचारा: पवनचक्क्यांच्याच पेटंटवरून लढल्या गेलेल्या अॅलॉयस वोबेन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१४ साली सांगितलंय की पेटंट मिळाल्यानंतरचा विरोध, रद्द करायचा अर्ज आणि खटल्यातला प्रतिदावा हे सगळं एकाच माणसाला एकाच वेळी चालवता येत नाही, तेव्हा कुठल्या दाराने जायचं ते पहिला कागद टाकायच्या आधीच ठरवा.