सुती साडीचा तुकडा, धावदोरा आणि चार मणी: निवांत हातशिवणीची सुरुवात

‘स्लो स्टिचिंग’ या नावाने हल्ली जे हातकाम लोकप्रिय झाले आहे, त्याचा मुख्य टाका महाराष्ट्रातल्या घराघरांत गोधडीवर पिढ्यान्‌पिढ्या घातला जातो. तो म्हणजे धावदोरा, सुई कापडातून खालीवर नेत घातलेला साधा सरळ टाका. बंगालची कांथा, जपानचे साशिको आणि कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंद म्हणजे तुकड्यांची गोधडी, ही कामेही याच टाक्यावर उभी आहेत. एक सुई, दोरा आणि वापरून मऊ झालेले कापड हाताशी असले की काम सुरू करता येते.

इथे आपण एक लहान नमुना करणार आहोत. साधारण २० सेंटिमीटर चौरसाचा, तीन थरांचा तुकडा, धावदोऱ्याने भरलेला आणि थोडे मणी लावलेला. हौसेच्या भरात पहिल्याच वेळी अख्खी गोधडी मांडू नका. गोधडीला जागा लागते, ती महिनोन्‌महिने चालते आणि अर्धवट राहिली की नजरेसमोर आली तरी मनाला लागते. तळहाताएवढ्या कामात तसे होत नाही. ते पिशवीत मावते आणि कुठेही थांबवता येते.

या छंदाबद्दल माझे एक ठाम मत आहे. ‘आता मी शांत बसणार’ असे ठरवून शांत होता येत नाही, ते पुष्कळसे सामानावर अवलंबून असते. कापड मऊ, सुई बेताची आणि दोरा आखूड असला की हात आपोआप लयीत जातो. सुई ओढायला जोर लागला की खांदे वर चढतात, दात आवळले जातात, आणि विरंगुळ्याला घेतलेले काम कष्टाचे होऊन बसते. म्हणून सामान निवडायला भरपूर वेळ द्या.

कापड

धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी सर्वांत उत्तम. जुने लुगडे, धोतर, पंचा, मलमलची ओढणी हेही चालते. वरच्या थरात शोभेसाठी इरकलीचा काठ किंवा जुन्या खणाच्या चोळीची पट्टी फार छान दिसते, मात्र ती लहानशीच घ्या, कारण काठ आणि खण दोन्ही दाट विणीचे असतात. नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या सुरुवातीला बाजूला ठेवा. त्या हातातून निसटतात आणि त्यांचे थर एकमेकांवर टिकत नाहीत. जीन्स तर अगदीच नको.

कापड चालेल की नाही हे दोन मिनिटांत कळते. दोन घड्या घालून सुई टोचून पाहा. सुई आवाज न करता आरपार गेली तर कापड चांगले. प्रत्येक टोचणीला ‘टक्’ असा बारीक आवाज आला, तर वीण घट्ट आहे. नव्या, दाट विणीच्या चादरींत हे हमखास होते. दुसरी परीक्षा उजेडाची. साडी खिडकीसमोर धरली की कुठे सूत विरले आहे ते लगेच दिसते. विरलेला भाग फेकू नका, तो मधल्या थराला घ्या.

कापड नवे असेल तर आधी धुऊन त्याची खळ काढा. गडद लाल, निळे किंवा काळे कापड ओले करून पांढऱ्या चिंधीवर दाबून पाहा. डाग उमटला तर ते फिक्या रंगाशेजारी लावू नका. सुती साडीला कात्रीने छोटा छेद देऊन फाडले की ती सुताच्या रेषेत सरळ फाटते. अगदी जीर्ण साडी मात्र कात्रीनेच कापा.

सुई आणि दोरा

हातशिवणीच्या सुयांचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. या कामाला भरतकामाची ७ किंवा ८ नंबरची सुई योग्य. तिचे नेढे जरा लांबट असते, त्यामुळे दोरा ओवताना डोळ्यांना त्रास होत नाही. तीन थरांतून सुई ढकलायची आहे, तेव्हा मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, घाला. पहिल्या दिवशी ते बोटात अडचणीचे वाटते, नंतर त्याच्याशिवाय बसवत नाही.

भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत सहसा सहा पदर असतात आणि एक लड साधारण ८ मीटरची असते. आपल्याला दोन किंवा तीन पदर पुरतात. लागेल तेवढा दोरा कापा, त्यातला एकेक पदर वेगळा ओढून काढा आणि मग हवे तितके पुन्हा जुळवा. दोन-तीन पदर एकदम ओढायला गेलात की उरलेल्यांचा गुंता झालाच.

दोऱ्याची लांबी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर ठेवा. सुई पुन्हा पुन्हा ओवायला नको म्हणून लांबलचक दोरा घेण्याचा मोह होतो. पण लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासला जातो, त्याला पीळ पडतो, गाठी होतात, आणि शेवटच्या वीतभर दोऱ्याची तर रयाच जाते. शिवताना पीळ पडलाच तर कापड वर उचलून सुई मोकळी लोंबू द्या. ती गरगर फिरून पीळ स्वतःच सोडवते.

कांथा करणाऱ्या बायका पूर्वी जुन्या साडीच्या काठातूनच रंगीत धागे काढून त्यांनी शिवत असत. तुमच्या साडीचा काठ मजबूत असेल तर हा प्रयोग करून बघाच. साडीचाच रंग साडीवर उठतो.

मणी

काचेचे बारीक मणी नंबरावर मिळतात आणि इथेही आकडा मोठा तसा मणी लहान. ८ नंबरचा मणी साधारण ३ मिलिमीटरचा, ११ नंबरचा साधारण २ मिलिमीटरचा. सुरुवात ८ नंबरने करा. त्याच्या भोकातून हातशिवणीची बारीक, १० नंबरची सुई सहज जाते. ११ नंबरसाठी मणी ओवायची खास सुई घेतलेली बरी. ती फार लवचीक असते आणि लवकर वाकते.

मण्यांसाठी भरतकामाचा सुती दोरा वापरू नका. काचेच्या भोकाची कड धारदार असते आणि सुती पदर तिच्यावर घासून तुटतात. कापडाच्या रंगाचा बारीक पॉलिस्टरचा दोरा घ्या, तोही दुहेरी. प्लॅस्टिकच्या मोत्यांचा मुलामा धुण्यात निघतो, म्हणून जे काम धुवायचे आहे त्यावर ते नकोत. स्वस्त रंगीत मणी साबणाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहा.

पुण्यात रविवार पेठेत आणि तुळशीबागेत, मुंबईत भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात हे सामान मिळते. पण आधी घरात शोधा. तुटलेली माळ, पोत ओवताना उरलेले काळे मणी, रुखवतातल्या मण्यांच्या महिरपीचा सुटलेला कोपरा, असे काही ना काही बहुतेक घरांत सापडतेच.

थर लावा

खालचा थर २४ सेंटिमीटर चौरस कापा, मधला आणि वरचा २० सेंटिमीटर. वरचा थर अखंड ठेवला तरी चालतो, पण तीन-चार तुकडे जोडून केला तर काम करताना जास्त मजा येते. तुकडे एकमेकांवर बोटभर चढवून ठेवा. वर दिसणारी कड हवी तर आत दुमडा, नाही तर तशीच राहू द्या. सुती कापडाच्या उसवलेल्या कडेला स्वतःचे सौंदर्य असते.

खालचा थर टेबलावर पसरा, त्यावर मधला आणि मग वरचा बरोबर मधोमध ठेवा, आणि तळहाताने मधून बाहेर सुरकुत्या काढा. हे मांडीवर करू नका, थर सरकतात. आता वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लांब लांब कच्चे टाके घाला, आधी अधिक चिन्हासारखे आणि मग दोन्ही कर्णांवर. इथे कंटाळा केला तर पुढे मागच्या बाजूला कापडाच्या चुण्या शिवल्या जातात.

धावदोरा

दोऱ्याला लहान गाठ मारा. सुई वरच्या थरातून आत घाला, ती खालच्या थरातून बाहेर न काढता थोड्या अंतरावर पुन्हा वर आणा आणि हलका झटका द्या. गाठ वरच्या थरातून आत जाऊन थरांमध्ये लपते.

टाका ४-५ मिलिमीटरचा, मधली जागाही तेवढीच. उजव्या हातातली सुई जवळजवळ स्थिर धरा आणि डाव्या हाताने कापड तिच्यावर खालीवर चढवत जा. सुईवर तीन-चार टाके चढले की अंगुस्तानाने मागून ढकला आणि दोरा ओढून घ्या. मग डाव्या अंगठ्याने ओळीवरून एकदा सरळ हात फिरवा. ताणलेले टाके सैल होतात आणि कापड किंचित लहरी घेऊन बसते. ती लहर हवीच, गोधडीच्या अंगाला मऊपणा येतो तो त्यामुळेच. चढवणे, ओढणे, अंगठा फिरवणे या तीन हालचाली एकामागून एक होऊ लागल्या की डोक्यातली चक्रे आपोआप मंदावतात. मला या कामातला हाच भाग सगळ्यात प्रिय आहे.

टाके लहानमोठे झाले तर उसवत बसू नका. एका ओळीत जे डोळ्याला खुपते, ते पंधरा ओळी झाल्या की पोत म्हणून शोभते. उसवायचे ते फक्त मागे चुणी शिवली गेली तर.

दोन ओळींत ६ ते ८ मिलिमीटर अंतर ठेवा. पेनने रेषा मारू नका. नखाने घडी पाडा, साबणाच्या चिपेने रेघ ओढा किंवा सरळ आधीच्या ओळीच्या कडेने चला. साडीला चौकडी किंवा रेघा असतील तर त्यांच्याच वाटेने जाणे सर्वांत सोपे. सिद्दी बायका कवंद कडेने शिवायला घेऊन गोल गोल आत जातात आणि आपल्याकडच्या अनेक गोधड्याही तशाच भरलेल्या दिसतात. यात कापडाचे फुगे मध्ये जमू शकतात, पण कच्चे टाके नीट घातले असतील तर अडचण येत नाही. चौकोनात चौकोन होत जाताना पुढची ओळ कुठे हा विचारच करावा लागत नाही, म्हणून नवख्या माणसाला मी हीच पद्धत सुचवते.

दोरा संपत आला की जागच्या जागी दोन बारीक टाके घ्या, सुई थरांमधून इंचभर फिरवून बाहेर काढा आणि दोरा कापा.

आता मणी

मणी सगळे शिवून झाल्यावरच लावा. आधी लावले तर शिवताना प्रत्येक ओळीचा दोरा त्यांच्यात अडकतो. ताटलीत जुना टॉवेल किंवा मखमलीचा तुकडा पसरून त्यावर थोडेच मणी काढा. तिथे ते घरंगळत नाहीत आणि सुईच्या टोकाने सहज उचलता येतात.

सर्वांत सोपी नक्षी अशी: धावदोऱ्याच्या दोन टाक्यांमधल्या मोकळ्या जागेत एकेक मणी. सुई मागून वर काढा, मणी ओवा आणि मण्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर सुई खाली घाला. अंतर कमी पडले तर मणी तिरका उभा राहतो, जास्त झाले तर दोरा दिसतो आणि मणी डुगडुगतो. प्रत्येक मण्यानंतर मागे एक बारीक टाका घेऊन मगच पुढे जा. पुढे कधी दोरा तुटलाच तर एकच मणी निघेल, सगळी ओळ नाही.

सलग रेषा हवी असेल तर तीन मणी ओवून सुई खाली घाला. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या मण्याच्या मधून वर काढा, तिसऱ्यातून पुन्हा न्या आणि पुढचे तीन ओवा. वळणदार रेषासुद्धा यात सुबक बसते.

मण्यांचा हात मात्र आवरता ठेवा. तुकड्याचा एक कोपरा किंवा दोन ओळी पुरेत. सगळीकडे मणी चमकायला लागले की टाक्यांकडे लक्षच जात नाही.

बसायचे कसे

दिवसाचा उजेड असेल तर खिडकीजवळ बसा. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी उजेड डावीकडून येऊ द्यावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. मांडीवर उशी घेऊन तिच्यावर काम ठेवा, मान खाली घालावी लागत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी नजर उचलून लांबचे झाड पाहा, बोटे उघडमीट करा. जवळचा चष्मा असेल तर तो लावूनच बसा. उठण्यापूर्वी सुया मोजून पिनकुशनमध्ये खोचा आणि मण्यांची डबी बंद करा. घरात रांगते मूल असेल तर मण्यांचे काम ते झोपल्यावरच काढा, मणी तोंडात जायला क्षणही लागत नाही.

कड आणि पुढची निगा

शेवटी कच्चे टाके काढा. खालच्या थराचे चारही बाजूंना राहिलेले दोन-दोन सेंटिमीटर कापड अर्धे आत दुमडा, मग पुन्हा दुमडून वरच्या थरावर आणा आणि हेम घाला, म्हणजे दुमडलेली कड बारीक टाक्यांनी कापडाला पकडा. कोपऱ्यावर आधी टोक आत दाबले की कापडाचा गठ्ठा होत नाही.

असा तुकडा वहीच्या पुठ्ठ्यावर बसतो, कापडी पिशवीचा खिसा होतो, किंवा असेच नऊ तुकडे जोडून भिंतीवर लावता येतात. उशीच्या अभ्र्याला वापरायचा असेल तर मणी फक्त कडेला ठेवा, गाल टेकतो तिथे ते टोचतात. धुताना गार पाणी आणि सौम्य साबण घ्या. तुकडा पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. इस्त्री करायची असेल तर तुकडा जाड टॉवेलवर पालथा ठेवून मागच्या बाजूनेच करा, आणि मणी आहेत तिथे इस्त्री दाबू नका.