अमेरिकन कॉलेज बेसबॉलचा विजेता हंगाम कसा वाचावा : ओल मिस, २०२२

१ मे २०२२ रोजी मिसिसिपी विद्यापीठाच्या, म्हणजेच सर्वतोमुखी ‘ओल मिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या, बेसबॉल संघाच्या खात्यावर २४ विजय आणि १९ पराभव होते. स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे नेहमी आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, तर ७ विजयांच्या तुलनेत १४ पराभव झाले होते. त्याच संघाने २६ जून रोजी नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. उलट त्या वर्षी हंगामभर सर्वांवर कुरघोडी करणारा आणि ५७ सामने जिंकून केवळ ९ गमावणारा टेनेसीचा संघ ओमाहापर्यंत पोहोचलाही नाही. गुणतक्ता पाहून हंगामाचा अंदाज बांधण्याची सवय असलेल्या क्रिकेटप्रेमी वाचकाला हे अनाकलनीय वाटते. कॉलेज बेसबॉलमध्ये विजयांची संख्या मोजण्यापेक्षा कोणता पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) कोणत्या दिवशी किती चेंडू टाकून किती दिवस विसावला आहे याची नोंद ठेवावी, एवढे एक सूत्र पाळले की बरेचसे कोडे सुटते. ही नोंद कशी ठेवायची, हे ओल मिसच्याच हंगामाच्या आधारे पुढे दिले आहे.

प्रथम एक संघ निवडावा आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून त्याचाच पाठपुरावा करावा. पहिल्या श्रेणीत सुमारे तीनशे संघ खेळतात, त्यामुळे सगळ्यांवर लक्ष ठेवू पाहणारा मार्चअखेरीस कंटाळून नाद सोडतो. नियमित हंगामात एका संघाला जास्तीत जास्त ५६ सामने खेळता येतात. त्यांची मांडणी ठरलेली असते: शुक्रवार, शनिवार आणि रविवार मिळून एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तीन सामन्यांची मालिका, आणि मंगळवारी किंवा बुधवारी एखादा सुटा सामना. भारतातून पाहणाऱ्याने घड्याळाचे गणित आधीच करून ठेवावे. ओमाहात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेचार झालेले असतात. बॅटी लाकडी नसून धातूच्या किंवा कृत्रिम साहित्याच्या असतात आणि त्यांच्या जोराला २०११ पासून कडक मर्यादा घातलेली आहे, इतके माहीत असले तरी पुरते.

वहीत प्रत्येक आठवड्यासाठी तीन रकाने आखावेत आणि त्यांत शुक्रवारचा, शनिवारचा व रविवारचा सुरुवातीचा पिचर लिहावा. संघाचा सर्वांत भरवशाचा पिचर शुक्रवारी उतरतो, कारण मालिकेची पहिली बाजी जिंकली की उरलेल्या दोन दिवसांत प्रशिक्षकाला राखीव पिचर बेतशीर वापरता येतात. नावे आठवड्यामागून आठवडे तीच राहिली तर संघ स्थिर आहे असे समजावे. सारखी बदलू लागली, तर विजय मिळत असले तरी पाया डळमळीत आहे. ओल मिसचे नेमके हेच झाले होते. मार्चमध्ये हा संघ राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या स्थानावर होता, पण फलंदाजीच्या बळावर. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टेनेसीने मिसिसिपीतील ऑक्सफर्डमध्ये येऊन, म्हणजे ओल मिसच्याच अंगणात, मालिकेतील तिन्ही सामने जिंकले, तेव्हा पिचिंगची उणीव उघडी पडली. पुढे प्रशिक्षक माइक बियांको यांनी सुरुवातीच्या पिचरांची फेररचना केली. दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयातून आलेला आणि आरंभी राखीव फळीत असलेला डिलन डेलुशिया शुक्रवारच्या जागी आला, तर पहिल्याच वर्षाचा डावखुरा हंटर एलियट त्याच्या पाठोपाठ स्थिरावला. वहीतल्या रकान्यांत ही दोन नावे सलग दिसू लागली, त्याच सुमारास संघाचे नशीब पालटले. १ मेनंतरच्या २२ सामन्यांपैकी १८ त्यांनी जिंकले. वर्तमानपत्रांनी साहजिकच अधिक शाई कर्णधार टिम एल्कोच्या २४ होम रनवर, म्हणजे चेंडू सीमेपार धाडणाऱ्या फटक्यांवर, खर्च केली. त्याचे मोल कमी नाही, परंतु एल्को तर पराभवांच्या काळातही संघात होताच.

कॉन्फरन्समधील कामगिरी आणि एकूण कामगिरी वेगवेगळी लिहावी. ओल मिस ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये खेळते तिथे तीस सामने अतिशय तुल्यबळ संघांशी होतात. तेथील १४ विजय आणि १६ पराभव हे एखाद्या दुबळ्या कॉन्फरन्समधील २० विजयांहून जड असू शकतात. निवड समिती हे वजन ठरवताना आरपीआय नावाच्या निर्देशांकाचा आधार घेते. त्यात संघाच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणाला ५० टक्के आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेले २५ टक्के वजन असते. शिवाय परक्या मैदानावरील विजय १.३ आणि घरच्या मैदानावरील विजय ०.७ धरला जातो. म्हणजे कोणाला हरवले आणि कुठे हरवले, हे किती वेळा हरवले याच्या बरोबरीने मोजले जाते. हा निर्देशांक आठवड्यातून एकदा पाहावा; रोज पाहण्यात अर्थ नाही.

मेच्या अखेरीस सोमवारी ६४ संघांची यादी जाहीर होते. साधारण निम्म्या जागा आपापल्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना मिळतात आणि उरलेल्या समिती देते. २०२२ मध्ये ओल मिसने कॉन्फरन्स स्पर्धेतील एकमेव सामना व्हँडरबिल्टविरुद्ध गमावला होता, त्यामुळे यादीत अखेरीस शिरलेल्या चार संघांत त्यांचे नाव होते. त्या दिवशी आपल्या संघाचे नाव आले की नाही एवढे पाहून थांबू नये, तर कोणत्या चौघांत आणि कुठे आले हेही टिपून घ्यावे. पहिल्या टप्प्यात, म्हणजे रीजनलमध्ये, चार-चार संघांचे सोळा गट पडतात आणि सोळा मानांकित संघांना सहसा आपल्याच मैदानावर खेळण्याचा लाभ मिळतो. ओल मिसच्या वाट्याला मायामी विद्यापीठाचे मैदान आले.

या टप्प्यापासून दुहेरी बाद पद्धत लागू होते आणि वहीचा खरा उपयोग सुरू होतो. दोनदा हरलेला संघ बाहेर पडतो. ऐकायला नियम सोपा आहे, मात्र त्याचा परिणाम पिचरांच्या खांद्यांवर होतो. एकही सामना न गमावणारा संघ तीन सामन्यांत रीजनल जिंकतो. पहिलाच सामना गमावणाऱ्या संघाला त्यानंतर चार सलग विजय लागतात, म्हणजे चार दिवसांत पाच सामने, आणि तेवढे ताजेतवाने हात कोणाच्याच संघात नसतात. म्हणून पहिल्या दोन सामन्यांचे निकाल लिहिताना प्रत्येक पिचरच्या नावापुढे त्याने टाकलेल्या चेंडूंची संख्या आणि तारीख न चुकता लिहावी. शंभराच्या आसपास चेंडू टाकलेला पिचर चार-पाच दिवस तरी पुन्हा सुरुवात करणार नाही असे धरून चालावे. वीस-पंचवीस चेंडूंवर थांबवलेला मात्र दुसऱ्या दिवशीही येऊ शकतो. ओल मिसने ॲरिझोनाला ७-४, मायामीला २-१ आणि पुन्हा ॲरिझोनाला २२-६ असे हरवले. शेवटच्या सामन्यात एल्कोने एकट्याने तीन होम रन मारले, पण वही ठेवणाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा सामना २-१ चा होता, कारण तो निसटता तर हाताशी असलेले सारे पिचर दोन दिवसांत झिजले असते.

पुढच्या टप्प्यात, म्हणजे सुपर रीजनलमध्ये, दोन संघ तीन सामन्यांची मालिका खेळतात. येथे फारसा तपशील नोंदवावा लागत नाही. ओल मिसने हॅटिसबर्गला जाऊन सदर्न मिसला १०-० आणि ५-० असे नमवले, म्हणजे दोन सामन्यांत एकही धाव दिली नाही. याच टप्प्यावर टेनेसीला नोटर डेमने घरी बसवले.

ओमाहात उरलेले आठ संघ चार-चारच्या दोन गटांत पुन्हा दुहेरी बाद पद्धतीने खेळतात आणि दोन्ही गटांचे विजेते अंतिम मालिकेत भेटतात. ही स्पर्धा १९५० पासून याच शहरात होते. गाव त्या काळात जत्रेसारखे फुलते. २०२२ मध्ये मैदानाजवळच्या एका पिझ्झाच्या दुकानाने चालवलेल्या स्पर्धेत ओल मिसच्या चाहत्यांनी मद्य घातलेल्या जेलीचे १८,७७७ पेले रिचवून विक्रम केला, ही नोंद वहीत कुठे करायची ते ज्याने त्याने ठरवावे.

ओमाहातील नोंद कशी वाचावी याचा उत्तम नमुना १८ ते २३ जून या सहा दिवसांत सापडतो. १८ जूनला डेलुशियाने ऑबर्नविरुद्ध आठव्या इनिंगपर्यंत (सामना नऊ इनिंगचा, म्हणजे नऊ छोट्या डावांचा असतो) पिचिंग केले आणि संघ ५-१ असा जिंकला. २० जूनला एलियटने सुरुवात केली आणि आर्कन्सॉ १३-५ असा हरला. आता ओल मिसच्या खात्यावर एकही पराभव नव्हता, आणि आर्कन्सॉला अंतिम मालिका गाठण्यासाठी २१, २२ आणि २३ जून असे सलग तीन दिवस जिंकणे भाग होते. २२ तारखेला बियांको यांच्यापुढे पर्याय होता: तीनच दिवस विसावलेल्या डेलुशियाला उतरवून प्रकरण तिथेच मिटवावे, की हातात असलेल्या एका पराभवाची मुभा वापरून त्याला राखून ठेवावे. त्यांनी त्याला राखले. तो सामना ओल मिसने ३-२ असा गमावला आणि त्या रात्री हा निर्णय अनेकांना चुकीचा वाटला असणार. दुसऱ्या दिवशी, चार पूर्ण दिवस विसावलेल्या डेलुशियाने नऊच्या नऊ इनिंग एकट्याने टाकल्या: ४ हिट (फलंदाजाला बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरील टप्प्यावर, पोहोचवणारे फटके), ७ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद झालेले फलंदाज), एकही वॉक (भरकटलेल्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा बेस) नाही आणि एकही धाव नाही. निकाल २-०. शिवाय राखीव पिचरांपैकी एकालाही हात हलवावा लागला नाही, त्यामुळे दोन दिवसांनी सुरू होणाऱ्या अंतिम मालिकेसाठी संपूर्ण राखीव फळी ताजी राहिली. सामन्याच्या धावफलकातील ही एकच ओळ वाचता आली, तर वाचकाला हा खेळ कळू लागला असे खुशाल समजावे.

अंतिम मालिका तीन सामन्यांची असते. २५ जूनला ओक्लाहोमाविरुद्ध जॅक डॉहर्टीने पहिल्या पाच इनिंगमध्ये एकाही खेळाडूला बेसवर पोहोचू दिले नाही आणि आठव्या इनिंगमध्ये ओल मिसच्या तिघांनी लागोपाठ होम रन मारले. सामना १०-३ असा सुटला. दुसऱ्या दिवशी वहीत एलियटच्या नावापुढे २० जून ही तारीख होती, म्हणजे विश्रांती भरपूर झाली होती. ओक्लाहोमाच्या केड हॉर्टनने मात्र १३ स्ट्राइकआउट घेऊन अंतिम मालिकेचा विक्रम नोंदवला. तो आठव्या इनिंगमध्ये थांबेपर्यंत ओक्लाहोमा २-१ असा पुढे होता. तो गेल्यावर जेकब गोन्झालेझच्या हिटने बरोबरी झाली आणि कॅचरच्या (बेसबॉलमधील यष्टिरक्षकाच्या) आवाक्याबाहेर गेलेल्या दोन चेंडूंनी आणखी दोन धावा आंदण दिल्या. ४-२. उत्तम पिचर मैदान सोडतो तो क्षण वहीत वेळेसह टिपावा, असे म्हणतात ते याचसाठी.

विजेतेपदानंतर वही बंद करू नये. जुलैमध्ये व्यावसायिक संघांची निवड होते आणि तिसरे वर्ष पूर्ण केलेले किंवा एकवीस वर्षांचे झालेले खेळाडू तिला पात्र ठरतात. त्या वर्षी डेलुशिया आणि एल्को दोघेही निवडले गेले. एलियट मागे राहिला, पण २०२३ च्या हंगामाच्या आरंभीच त्याच्या कोपराला दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. कॉन्फरन्समधील तीस सामन्यांपैकी गतविजेत्या ओल मिसने त्या वर्षी अवघे ६ जिंकले. म्हणून नव्या फेब्रुवारीत क्रमवारी उघडण्याआधी गेल्या जूनमध्ये सर्वाधिक इनिंग टाकणाऱ्या तीन पिचरांची नावे काढावीत आणि त्यांपैकी संघात कोण उरले आहे, ते पहिल्या पानावर लिहावे.