सोसायटीचा एसटीपी स्वतः कसा तपासावा

पुण्यातल्या बावधनच्या आमच्या सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे; शुद्ध झालेलं पाणी आम्ही फ्लशला वापरतो. वीजबिल कमी करायचं म्हणून रात्री त्याचा ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, बंद ठेवायचा ठराव झाला. मीही त्याच्या बाजूने हात वर केला होता. पंधरा दिवसांत तळमजल्यावरच्या लोकांना खिडक्या उघडता येईनात आणि फ्लशला काळपट पाणी येऊ लागलं. सांडपाणी साफ करतात ते जिवाणू, आणि त्यांना रात्रीही हवा लागते, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत जातं, पुढे उजनीत. उजनीचं पाणी सोलापूर पितं. म्हणून कमिटीतल्या कुणीतरी आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास काढून, ऑपरेटरला सोबत घेऊन प्लांटमधून फिरलंच पाहिजे. फिरायचं ते पाण्याच्या वाटेने: येतं तिथून निघतं तिथपर्यंत.

पायरी 1: हिशेब मांडा

माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं. 200 फ्लॅट आणि 800 माणसं असतील तर रोज सुमारे 86 हजार लिटर. फ्लशसाठी माणशी 45 लिटर धरले तर 36 हजार लिटर लागतात, म्हणजे हेच पाणी वापरून रोज 10 हजारी टँकरचे साडेतीनहून जास्त फेरे वाचतात. प्लांटमध्ये येणाऱ्या पाण्याच्या मीटरवरचा आकडा सांडपाण्याच्या हिशेबापेक्षा बराच कमी असेल तर पाणी कुठेतरी परस्पर निघून जातंय.

पायरी 2: जाळी आणि तेलाची टाकी

जाळीत अडकलेला कचरा रोज काढला जातोय का, एवढंच बघायचं. तेलाच्या टाकीवर मात्र दिवाळीत खास लक्ष ठेवा. चकल्या-शंकरपाळ्यांचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतलं की ते पाइपात थिजतं, आणि पुढे गेलं तर जिवाणूंना हवा मिळण्यात अडथळा आणतं. कढई आधी कागदाने पुसून मग घासा, असं आम्ही दर दिवाळीला व्हॉट्सअॅपवर टाकतो. फरक पडतो.

पायरी 3: साठवण टाकी

सकाळी सहा ते दहा सगळ्यांच्या आंघोळी, धुणीभांडी एकदम होतात. दुपारी पाणी जवळजवळ येतच नाही. जिवाणूंना मात्र दिवसभर सारखं खाणं लागतं. ही टाकी तो लोंढा अडवून पाणी हळूहळू पुढे सोडते. इथेही हवेचे बुडबुडे दिसायला हवेत, नाहीतर पाणी साठून सडतं.

पायरी 4: हवेची टाकी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पाण्यात विरघळलेली घाण कोणतीही जाळी अडवू शकत नाही. ती जिवाणू खातात. ही पद्धत 1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी जगापुढे मांडली, आणि आजही जगभर त्याच तत्त्वावर प्लांट चालतात.

आधी नाक वापरा. चांगल्या टाकीला ओल्या मातीसारखा वास येतो. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा कमी पडतेय. मग रंग: तपकिरी चांगला, काळा वाईट. प्राणवायू मोजायचं यंत्र असेल तर लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास आकडा हवा. पांढरा फेस प्लांट नवा असताना येतो, जुन्या प्लांटवर आला तर जिवाणू कमी झाले असावेत.

आता जिवाणू किती आहेत ते बघू. ब्लोअर चालू असताना टाकीतलं पाणी खुणा असलेल्या 1 लिटरच्या बरणीत घ्या आणि 30 मिनिटं न हलवता ठेवा. खाली 200 ते 350 मिली गाळ बसला आणि वर पाणी नितळ दिसलं तर उत्तम. 100 मिलीच्या खाली असेल तर जिवाणू कमी आहेत. 600 च्या वर असेल तर गाळ जास्त झालाय किंवा तो फुगून नीट बसत नाहीये. टाकीत प्लास्टिकच्या छोट्या चकत्या फिरत असतील तर मात्र ही चाचणी लावू नका. तिथे जिवाणू चकत्यांवर थर धरून राहतात.

पायरी 5: निवळण टाकी

इथे पाणी शांत हवं. गाळ खाली बसतो आणि त्यातला काही पंपाने परत हवेच्या टाकीत जातो. आपण दह्यातलं थोडं विरजणाला बाजूला ठेवतो, तसंच हे. गाळाचे गोळे वर तरंगत असतील तर तो तळाशी फार वेळ पडून राहिलाय, पंप तपासा. जास्तीचा गाळ फिल्टर प्रेसमध्ये पिळून काढायचा असतो. तो किती दिवसांनी काढतात हे ऑपरेटरला विचारा आणि त्याची वही बघा.

पायरी 6: गाळण आणि क्लोरीन

पाणी आधी वाळूतून आणि मग कोळशातून जातं. दोन्ही फिल्टर उलट्या प्रवाहाने नियमित धुवावे लागतात. कोळसा क्लोरीन शोषून घेतो, म्हणून क्लोरीनचा डोस कोळशानंतर हवा. फ्लशच्या टाकीतल्या पाण्यात चाचणीचे थेंब टाका, फिकट पिवळा रंग आला पाहिजे. हे पाणी पिण्याच्या लाइनला कुठेही जोडलेलं नाही ना, हे प्लंबरकडून एकदा तपासून घ्याच.

पायरी 7: प्रयोगशाळा

महिन्यातून एकदा येणारं आणि निघणारं, दोन्ही पाणी तपासायला द्या. पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, त्याचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे 200 ते 300 मिलिग्रॅम असतो; निघणाऱ्या पाण्याची मर्यादा प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या तुमच्या संमतीपत्रात लिहिलेली असते. आपल्याकडे ही चाचणी 27 अंशांवर 3 दिवस चालते, त्यामुळे नमुना दिला त्याच संध्याकाळी हातात रिपोर्ट आला तर जाब विचारा.

टाकीत कुणालाही उतरवू नका

पंप अडकला, गाळ साचला, काहीही झालं तरी नाही. सडक्या अंड्याचा वास देणारा वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो, आणि फार वाढला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो. आत पडलेल्याला वाचवायला उतरलेली माणसंही जातात. सफाई कामगाराला सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. सक्शन गाडीचा नंबर प्लांटच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि टाक्यांच्या झाकणांची कुलपं आठवड्याच्या फेरीतच ओढून बघा.