हृदयविकार आहे? मग साखर नीट तपासा

हृदयरुग्णांत फक्त उपाशीपोटीची साखर पाहिली, तर लपलेला मधुमेह बऱ्याचदा निसटतो. बिघाड आधी जेवणानंतरच्या साखरेत दिसतो. म्हणून सोबत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) करा: ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे पूर्वमधुमेह, ६.५ पासून पुढे मधुमेह. लोहाची कमतरता असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर हा आकडा फसवतो.

शंका उरली तर ग्लुकोज चाचणी. आठ तास उपाशी राहून रक्त द्या, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्या, दोन तास बसून राहा (फेऱ्या मारल्या की साखर उतरते) आणि पुन्हा रक्त द्या. दोन तासांनंतरची साखर १४० ते १९९ (मिग्रॅ/डेसिलिटर) म्हणजे पूर्वमधुमेह, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर निदान दुसऱ्या तपासणीने पक्कं करतात. हार्ट अटॅकच्या दिवसांत ताणानेही साखर चढते. तेव्हाच्या एका आकड्यावर शिक्का मारू नका, पण विसरूही नका.