त्या लाल पट्ट्यात पानगळ होती

नकाशांवर काम सुरू करून मला जेमतेम महिना झाला होता. एकाच जंगलाच्या, लँडसॅट उपग्रहांनी टिपलेल्या दोन प्रतिमा हाताशी होत्या, मध्ये वीस वर्षांचं अंतर. दोन्हींचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, काढला, नव्यातून जुना वजा केला आणि हिरवाई घटली तिथे लाल रंग भरला. अर्धा पडदा लाल झाला. एवढं जंगल गेलं! त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मॅडमनी नकाशाकडे नंतर पाहिलं, आधी फाइलींची नावं वाचली. लँडसॅटच्या फाइलीच्या नावातच तारीख असते. एक प्रतिमा पावसाळा सरल्यावरची होती, दुसरी ऐन उन्हाळ्यातली. जंगल जागेवरच होतं, पानं तेवढी गळली होती.

नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांना मी हे सगळ्यात आधी सांगते: तुलना करायची तर ऋतू सारखाच घ्या, जमल्यास महिनाही. लँडसॅटची मालिका १९७२पासून सुरू आहे आणि २००८पासून तिचा सगळा साठा मोफत आहे, त्यामुळे योग्य तारीख शोधायला थोडा वेळच काय तो लागतो. २०१५नंतरचं हवं असेल तर सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या प्रतिमा बघा, त्यांचा पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला सगळ्यात लहान चौकोन, १० मीटरचा आहे.

एनडीव्हीआय नेमकं काय मोजतो, तेही समजून घ्या. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि निअर इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, परावर्तित करतं. या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की उणे १ ते अधिक १ मधला आकडा मिळतो. तो हिरवेपणाचा आकडा आहे, जंगलाचा नाही. पाणी पिऊन तरारलेलं शेतसुद्धा दाट झाडीइतका आकडा देऊ शकतं. वृक्षाच्छादनाचे तयार जागतिक नकाशे वापरतानाही व्याख्या वाचा. लँडसॅटवरून केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका नकाशात ५ मीटरहून उंच सगळी वनस्पती झाडांत धरली आहे. म्हणजे नैसर्गिक जंगल तोडून तेलताडाची लागवड केली आणि ती वाढली, तर तिथेही वृक्षाच्छादनच दिसतं.

प्राण्यांच्या नोंदींचं दुखणं वेगळं. एका पक्ष्याच्या नोंदींचे ठिपके मी नकाशावर टाकले तर ते रांगेत बसले. याला विशिष्ट झुडपं आवडत असावीत, असं मला वाटलं. मग रस्त्यांचा थर चढवला. ठिपके बरोबर रस्त्यावर होते, कारण माणसं रस्त्यावरून पक्षी बघतात. तेव्हापासून ठिपक्यांआधी मी विचारते, कोण कुठे किती वेळ फिरलं आणि कुठे काहीच दिसलं नाही. ‘दिसलं नाही’ ही नोंद मिळाली तर जपून ठेवा, ती फार थोडे लोक करतात.

सॉफ्टवेअरची फार काळजी करू नका. नकाशे बनवायचं क्यूजीआयएस मोफत आहे आणि सुरुवातीला पुरून उरतं. प्रोजेक्शनला, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीला, मात्र पहिले दोन आठवडे द्या. थर अंशांत असताना बफरमध्ये, म्हणजे एखाद्या जागेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा आखताना, ५०० लिहिलं तर ते ५०० मीटर होत नाहीत, ५०० अंश होतात, आणि अक्षांशाचा एक अंशच सुमारे १११ किलोमीटरचा असतो.

दुर्मीळ प्राण्याच्या घरट्याची किंवा गुहेची अचूक जागा नकाशावर कधीही जाहीर करू नका. शिकाऱ्यालाही नकाशा वाचता येतो.

आणि एकदा तरी आपल्याच नकाशातला एखादा पिक्सेल निवडून तिथे चालत जा. लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटर. मी गेले त्यात सात झाडं होती, एक वारूळ, सुकलेल्या ओढ्याचं वळण आणि त्या वाळूत हरणाच्या खुरांचे ताजे ठसे. नकाशावर त्या सगळ्याचा मिळून ०.४१ हा एकच आकडा होता.