अ‍ॅप स्टोअरवर आणण्याचा खर्च कसा मांडावा

सांगलीची हळद किंवा तासगावचा बेदाणा थेट ग्राहकाला विकण्यासाठी अ‍ॅप काढायचे ठरले, की ते बनवण्याचा खर्च सगळेच विचारतात. स्टोअरचा खर्च मात्र हिशेबात शेवटी येतो. गूगल प्लेवर खाते उघडताना २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. अ‍ॅपलला मात्र दरवर्षी ९९ डॉलर द्यावे लागतात आणि नूतनीकरण राहिले, तर अ‍ॅप स्टोअरवरून उतरते. हे पैसे भरण्याआधी कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्यावेत.

गूगलवर नवे वैयक्तिक खाते असेल, तर किमान १२ जण सलग १४ दिवस चाचणीत सहभागी राहिल्याशिवाय अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याचा अर्ज करता येत नाही. त्यामुळे दिवाळीचा मुहूर्त साधायचा असल्यास दसऱ्याच्या बऱ्याच आधी कामाला लागावे (भाऊबंदांचे फोन इथेच उपयोगी पडतात). संस्थेच्या खात्याला ही अट नाही, पण डी-यू-एन-एस क्रमांक, म्हणजे व्यवसायाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक लागतो. तो मोफत मिळतो. त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजू नयेत.

कमिशनची धास्ती मात्र अनाठायी आहे, कारण हळदीची पिशवी ही प्रत्यक्ष वस्तू असल्याने तिच्या विक्रीतून दोन्ही स्टोअर काहीही कापत नाहीत आणि पैसे यूपीआयने घेता येतात. डिजिटल सेवा विकल्यास अ‍ॅपल साधारणतः ३० टक्के घेते. लहान व्यावसायिकांच्या योजनेत अर्ज केल्यास ते १५ टक्क्यांवर येते.